ठासणीच्या बंदुकीचा चाप जड पडतोय? कानस उचलायच्या आधी हे करून बघा

आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात काही घरांत अजून ठासणीची बंदूक आहे, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ठासून भरायची ती. मक्यात न भुईमुगात रानडुकरं शिरतात, एका रात्रीत अर्धा बिघा उलटापालटा करून जातात, म्हणून आजोबांनी कधीतरी पीक संरक्षणाचं लायसन काढलेलं असतं, मग ते वडिलांच्या नावावर आणि आता मुलाच्या. मुलगा पहिल्यांदा बंदूक हातात घेतो आणि म्हणतो चाप फार कडक आहे हो, दोन बोटं लावून ओढावा लागतो. मग गावातलं कोणीतरी सांगतं की आतली खाच जराशी कानशीने घासून टाक, लोण्यासारखा चालेल. हा लेख त्या मुलासाठी आहे, आणि माझं सांगणं एवढंच की भाऊ, ती कानस खाली ठेव, चाप जड असण्याचं कारण बहुतेक वेळा लोखंडात नसतंच. ते घाणीत, लाकडात नाहीतर जास्त आवळलेल्या स्क्रूत असतं, आणि हे सगळं एका दुपारी घरी शोधता येतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण आपल्याकडे अर्धे लोक चापालाच घोडा म्हणतात. मी घोडा म्हणेन तो वरचा, अंगठ्याने मागे ओढतो आणि टोपीवर आपटतो तो; टोपी म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळ बोंडावर, निपलवर, बसवायची ठिणगी पाडणारी छोटी टोपी. चाप म्हणजे खालचा, बोटाचा. आत घोड्याच्याच दांड्यावर एक जाड चकती असते, तिला टम्बलर म्हणतात, तिच्यावर दोन खाचा, एक खोल आणि एक उथळ. खोल खाच अर्ध्या घोड्याची, म्हणजे घोडा अर्धाच मागे ओढून ठेवायची, उथळ पूर्ण घोड्याची, म्हणजे बार काढायला पूर्ण मागे ओढल्यावरची. त्या खाचेत एक छोटा आकडा अडकून बसतो, तो खटका. चाप ओढला की चापाचं पातं खटक्याचा दांडा वर ढकलतं, खटक्याचं नाक खाचेतून निसटतं आणि मोठी कमान, म्हणजे स्प्रिंग, घोड्याला खाली आपटते. घोडा, टम्बलर, खटका, कमान हे सगळं एका लोखंडी प्लेटवर असतं, त्याला लॉक म्हणतात. बस एवढंच यंत्र आहे, पण खटक्याच्या नाकाचा जो भाग खाचेत बसतो तो नखाच्या कडेएवढा असतो आणि तुमचा जीव त्या नखावर टांगलेला असतो, हे डोक्यात पक्कं बसवा.

कायद्याचं पण आत्ताच सांगून टाकतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, त्याच्यावर आपलं लायसन चालतं. पण त्याच कायद्याचं कलम ५ म्हणतं की शस्त्र बनवायला, विकायला, बदलायला, दुरुस्त करायला वेगळं लायसन लागतं. म्हणजे पुसणं, धुणं, तेल घालणं, स्क्रू बघणं हे मालकाचं काम. कानस, ऑइल स्टोन, वेल्डिंग, कमान बदलणं हे लायसनवाल्या बंदूक कारागिराचं काम. मी या लेखात ही रेघ कुठेच ओलांडणार नाही आणि तुम्हीपण ओलांडू नका. आणि बंदुकीचं लायसन म्हणजे जनावर मारायची परवानगी नाही, त्याच्यासाठी वन्यजीव कायदा १९७२ आहे आणि वन खात्याची परवानगी वेगळी लागते, आमच्याकडे तर बहुतेक वेळा नुसता आवाजाचा बार काढूनच काम भागतं.

सगळ्यात आधी नळी रिकामी आहे का

ठासणीच्या बंदुकीत हे डोळ्याने दिसत नाही, म्हणूनच ही जास्त धोक्याची. कोण कधी ठासून कोपऱ्यात उभी करून ठेवेल सांगता येत नाही, दहा वर्षांपूर्वीचा बार, म्हणजे ठासलेली दारूसुद्धा आत पडलेली असू शकते. निपलवर टोपी नाही ना बघा, असेल तर काढा. मग गज, म्हणजे दारू ठासायची सळई, बाहेरून नळीला लावून धरा, एक टोक निपलच्या जागेपाशी, आणि नळीचं तोंड जिथे येतं तिथे गजावर दोऱ्याची गाठ मारा. आता तोच गज नळीत सोडा. गाठ तोंडापाशी आली आणि खाली टण्ण असा लोखंडाचा आवाज आला तर रिकामी. गाठ चार बोटं, वीतभर वर राहिली आणि आवाज बद्द आला तर आत बार आहे, तिथेच थांबायचं, पुढचं काही करायचं नाही, कारागिराला आधी फोन करून विचारायचं. आमच्या गजावर लाल दोरा माझ्याआधी ही बंदूक वापरणाऱ्या आबांनी बांधलेला आहे, तो अजून तसाच आहे, मी प्रत्येक वेळी तो बघतो, काल बघितला असला तरी आज परत बघतो.

बंदुकीची दारू आणि टोप्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. पोरं बाहेर. काम चालू असताना नळीचं तोंड भिंतीकडे, माणसाकडे नाही, रिकामी आहे हे माहीत असलं तरी नाही.

मग चाप नुसता ओढून बघा आणि लिहून ठेवा

एक गोष्ट आधी, निपलवर नुसता घोडा आपटू देऊ नका, निपलचं तोंड चेपतं आणि मग टोपी नीट बसत नाही. जुन्या चपलेच्या चामड्याचा नखाएवढा तुकडा निपलवर ठेवा आणि तरीही अंगठ्याने घोडा धरून हळू खाली आणा.

बॅग मोजायचा जो छोटा डिजिटल काटा मिळतो, प्रवासाचा, तो घ्या, कापसाचा काटा इथे कामाचा नाही. त्याचा हूक चापाच्या मधोमध अडकवा आणि सरळ मागे ओढा, सावकाश, घोडा सुटला तेव्हा आकडा किती होता ते बघा. तीनदा करा. वहीत तारीख घालून लिहा, आणि ऊन आहे का पाऊस तेपण लिहा, ते का ते पुढे येईल. शेतावरच्या बंदुकीला माझ्या मते दोन ते अडीच किलो बरोबर आहे. तीनपर्यंत चालतं. चार-साडेचार असेल तर काहीतरी अडतंय. आणि दीड किलोच्या खाली असेल तर आनंद मानू नका, ती बंदूक वापरायचीच नाही, आधी कारागिराला दाखवायची, अंधारात थंडीने बोटं बधिर झालेली असताना दीड किलो म्हणजे काहीच नाही.

आकड्याइतकंच बोटाला काय लागतं तेपण महत्त्वाचं. वाळूवरून ओढल्यासारखं खरखरतंय तर आत गंज किंवा घाण आहे. ओढायला एकसारखं जड पण गुळगुळीत असेल तर कमान तगडी आहे, नाहीतर चापाची पिन अशा जागी आहे की तरफ कमी पडते, जुन्या बंदुकांत पिन खटक्यापासून फार लांब ठोकलेली असते. सोडल्यावर चाप हळूहळू, आळसावल्यासारखा पुढे येत असेल तर तेल चिकट झालंय. आणि उन्हाळ्यात बरा, पावसाळ्यात जड असेल तर शंभर टक्के लाकूड.

अर्धा फेरा

हे सगळ्यात सोपं आणि कोणी करत नाही. लॉकच्या प्लेटला धरून ठेवणारे जे एक-दोन लांब स्क्रू पलीकडच्या बाजूने येतात, ते फक्त अर्धा फेरा ढिले करा आणि परत काटा लावा. पेचकस खाचेत पूर्ण भरेल असाच घ्या, बारीक पेचकसाने स्क्रूचं डोकं खराब झालं की तो स्क्रू मिळत नाही, नवीन बनवावा लागतो. तसाच नळीच्या मागच्या शेपटीतून (लाकडावर मागे गेलेल्या लोखंडी पट्टीतून) चापाच्या पट्टीत जाणारा स्क्रू, तोपण अर्धा फेरा.

आकडा एकदम उतरला? मग तुमचा आजार सापडला. लोकांना वाटतं स्क्रू जितका घट्ट तितकी बंदूक मजबूत, पण प्लेट लाकडात जास्त दाबली गेली की आतला खटका आणि कमान लाकडाला घासतात. आणि शेपटीचा स्क्रू जास्त आवळला तर चापाची पट्टी वर येते, चापाचं पातं कायमचं खटक्याला टेकून बसतं, मग खटका खाचेत पूर्ण बसतच नाही. हे दुसरं फार वाईट, कारण त्याने चाप हलका झाल्यासारखा वाटतो आणि माणूस खूश होतो. परत आवळताना पेचकस मूठ भरून धरायचा नाही, दोन बोटांत आणि अंगठ्यात धरून जेवढा फिरेल तेवढाच.

लॉक बाहेर काढणं आणि काजळ

घोडा अर्ध्यावर आणा, नाहीतर तो निपलला अडतो आणि लॉक निघत नाही. स्क्रू चार-पाच फेरे ढिले करा, पूर्ण काढू नका, आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने स्क्रूच्या डोक्यावर हलके हलके टकटक करा, लॉक दुसऱ्या बाजूने सरळ वर येईल. प्लेटच्या कडेला पेचकस घालून उचकटायचं नाही, लाकडाची कपची निघते आणि ती कपची आयुष्यभर दिसते.

लॉक हातात असताना घोडा पूर्ण ओढून चाप ओढल्यावर सुटतो तसा सोडू नका. बंदुकीत घोड्याला थांबवायला निपल असते, हातात काहीच नसतं, सगळा मार टम्बलरवर आणि त्याच्या पट्टीवर जातो, तुकडा पडतो. आणि कमानी काढू नका. मोठी कमान सुटली तर डोळा जाईल, त्याला वेगळा शिकंजा लागतो, ते कारागिराकडे असतं.

आता लाकूड कुठे अडतंय ते बघायचं. तिळाच्या तेलाचा दिवा लावा, त्याच्यावर स्टीलचा चमचा पालथा धरा, दोन मिनिटांत काजळी जमते, बाळाचं काजळ धरतात तसं. त्यात तेलाचा एक थेंब, बोटाने कालवा आणि खटक्याच्या दांड्याला, कमानींच्या कडांना पातळ लावा. लॉक परत बसवा, स्क्रू लावा, अर्धा घोडा, पूर्ण घोडा, चाप, एकदा सगळं करा. लॉक परत काढा आणि लाकडाच्या आतल्या खोबणीत टॉर्च मारा. जिथे काळा डाग, तिथे लोखंड लाकडाला घासतंय. आमच्या बंदुकीत खटक्याच्या दांड्यासाठी जे भोक आहे त्याच्या वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा डाग आला होता, फक्त तेवढाच, आणि त्या एका दाण्यापायी पावसाळ्यात किलोभर जादा लागत होता. श्रावणात लाकूड फुगतं, चैत्रात सुकतं, म्हणून वहीत हवा लिहायला सांगितलं. ते खरवडायचं कामसुद्धा मी स्वतः करत नाही, डागाचा फोटो काढतो आणि कारागिराला दाखवतो, त्याचं अर्ध्या तासाचं काम असतं, पण नेमकी जागा कळलेली असल्यामुळे तो भलतीकडे हात घालत नाही.

घाण

२०११ ला बंदूक माझ्या नावावर झाली तेव्हा काटा साडेचार किलो दाखवत होता. मी घेऊन गेलो शहरातल्या कारागिराकडे, म्हटलं काका जरा हलका करून द्या. त्यांनी लॉक काढलं, नाकाजवळ नेलं, वास घेतला आणि म्हणाले, "हाऊ चाप जड नही शे भो, घाण शे." करडईच्या तेलाचा वास होता. घरात जे तेल असेल ते घालायची आबांची सवय.

करडई, जवस ही सुकणारी तेलं आहेत, हवेत राहून त्यांचा चिकट पापुद्रा बनतो, जवसाचं तेल म्हणूनच लाकडाच्या पॉलिशला चांगलं आणि लोखंडाच्या सांध्यात वाईट. खोबरेल सुकत नाही पण साधारण २४ अंशाच्या खाली गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री काय थंडी असते ते शेतावर पाणी भरायला जाणाऱ्याला सांगायला नको. बरोबर राखणीच्या दिवसांतच चाप दगड होतो. त्यात काळ्या दारूची राख भरीस भर, ती निपलच्या बाजूने प्लेटच्या मागे शिरते, हवेतलं पाणी ओढून घेते आणि लोखंड खाते, आणि तेलाबरोबर मिसळली की डांबर होतं.

साफ करायचं ते दोन दमात. आधी राख, ती तेलाने निघत नाही, पाण्याने निघते, म्हणून गरम पाण्यात थोडा साबण, जुना टूथब्रश, फक्त लोखंडी लॉकला, लाकडाला पाण्याचा थेंब नको. पाणी काळं यायचं थांबलं की स्वच्छ गरम पाणी आणि लगेच कोरडं करायचं, कपड्याने, मग उन्हात पत्र्यावर. आपलं मे महिन्याचं ऊन याच्यासाठी उत्तम, दहा मिनिटांत खणखणीत वाळतं. लाकडी दस्ता मात्र उन्हात ठेवू नका, तडकतो. मग चिकट तेल, त्याच्यासाठी रॉकेल, ते आता मिळत नाही तर डिझेल चालतं, वाटीत लॉक अर्धा तास बुडवून परत ब्रश, अंगणात, चुलीपासून लांब. वाटीच्या तळाला जो मधासारखा पिवळा गाळ बसतो तो बघाल तेव्हा तुम्हाला पटेल मी काय म्हणतोय.

पुसून परत कोरडं केलं की शिलाई मशीनचं तेल, बाटलीने ओतायचं नाही, दाभणाच्या टोकावर येईल तेवढा एक थेंब. टम्बलरच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी, खटक्याच्या स्क्रूला, मोठी कमान टम्बलरला जिथे टेकते तिथे, आणि चापाच्या पिनेला. खटक्याच्या नाकावर ग्रीस, मोहरीएवढं. जास्तीचं तेल लाकडात उतरतं आणि खोबणीचं लाकूड भुसभुशीत करतं, मग स्क्रू धरत नाही.

आमची त्या दिवशी साडेचारवरून पावणेतीनवर आली. कानस लागली नाही.

घासल्यावर काय होतं ते मी पाहिलंय

१९९८ ची गोष्ट. आबांनी हीच बंदूक एका वेल्डिंगवाल्याला दाखवली होती, त्याने दहा मिनिटांत खाच घासून दिली आणि खरंच एक हंगाम चाप लोण्यासारखा चालला. भुईमूग काढणीच्या दिवसांत रात्री आम्ही बांधावर होतो, मी बॅटरी धरून त्यांच्या डाव्या हाताला. घोडा अर्ध्यावर होता, टोपी लावलेली. आबांनी बंदूक उभी टेकवली, दस्त्याची कड दगडावर लागली, आणि बार झाला. निंबाची फांदी तुटून आमच्या अंगावर पडली. आबांच्या कानाजवळून हातभर अंतरावरून गेला तो बार, दोन दिवस त्यांना त्या कानाने ऐकू येत नव्हतं, आणि मी पुढे बरेच दिवस रात्री शेतावर गेलो नाही. नंतर शहरातल्या त्याच काकांनी भिंगाखाली दाखवलं, खाचेची कड झिजलेल्या नाण्यासारखी गोल झाली होती आणि अर्ध्या घोड्याच्या खाचेचा ओठच उडालेला होता. टम्बलर नवीन बसवावा लागला.

कारण असं आहे की खटक्याचं नाक आणि टम्बलर यांना वरून फक्त कडकपणाची साल दिलेली असते, आत मऊ लोखंड. कानशीने ती साल गेली की खालचं मऊ लोखंड रोज थोडं थोडं झिजतं, आज जो चाप दोन किलोचा तो चार महिन्यांनी किती होईल कोणालाच माहीत नसतं.

म्हणून सगळं साफ करूनही चाप खरखरत असेल तर कारागिराकडे जा आणि त्याला मोजून सांगा. खाचेचा कोन बदलू नका, खोली कमी करू नका, फक्त अंगावरचे ओरखडे बारीक ऑइल स्टोनने काढा. अर्ध्या घोड्याच्या खाचेला हात लावू नका. कमान पातळ करायची तर टोपी प्रत्येक वेळी फुटली पाहिजे. दोन किलोच्या खाली नेऊ नका. चांगला कारागीर हे ऐकून खूश होतो, जो म्हणेल अहो एक किलोवर आणून देतो, त्याच्याकडून बंदूक परत घेऊन घरी या.

व्हिडिओ बघून एक गडबड होते, तीपण सांगतो. अमेरिकेतले लोक ठासणीच्या रायफलवर दोन चाप दाखवतात, मागचा ओढला की पुढचा केसासारखा हलका होतो, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक स्क्रू असतो तो फिरवून कमी-जास्त करतात. त्या टम्बलरमध्ये एक छोटी फिरती पट्टी असते, तिच्यामुळे घोडा खाली येताना खटक्याचं नाक अर्ध्या खाचेत आपटत नाही. आपल्या शेतावरच्या एका चापाच्या बंदुकीत ना तो स्क्रू आहे ना ती पट्टी, शोधत बसू नका आणि कोणाला बसवायलाही सांगू नका.

जोडल्यावरची परीक्षा

नळी रिकामी, परत गज. निपलवर चामडं. अर्धा घोडा लावा आणि चाप जोरात ओढा, अगदी जोरात, घोडा हलता कामा नये. पूर्ण घोडा लावा, चापाला हात न लावता अंगठ्याने घोडा पुढे ढकला, निसटता कामा नये. पूर्ण घोड्यावरच दस्ता गोणपाटाच्या घडीवर दोन-तीनदा आपटा, वीतभर उंचीवरून. मग घोडा अंगठ्याने धरून चाप ओढा, घोडा जरा खाली आला की चाप सोडून द्या आणि घोडा हळू खाली येऊ द्या, तो अर्ध्या खाचेत टक्क करून अडकलाच पाहिजे. यातली एक जरी परीक्षा नापास झाली तर ती बंदूक शेतावर जाणार नाही, मग चाप कितीही गोड लागो.

आणि चापाला दोन्ही ठिकाणी, अर्ध्यावर आणि पूर्णवर, थोडा मोकळा खेळ असायला हवा, लग्नपत्रिकेच्या कागदाएवढा. बोटाने हलवलं की बारीक टिकटिक. अजिबात खेळ नसेल तर शेपटीचा स्क्रू परत बघा.

निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा होतात, २०२४ ला तर लोकसभा आणि विधानसभा अशी दोनदा झाली. परत येते तेव्हा लॉकमध्ये धूळ आणि गंज दोन्ही असतात. जमा करायच्या आधी नळी आणि लॉक धुऊन तेल लावा, घोडा खाली, टोपी नाही, आणि सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये घातली तर आत घाम सुटतो. पावती घ्या. परत आली की त्याच दिवशी गज टाका, लॉक काढा, काटा लावा आणि वहीत जुन्या आकड्याच्या खाली नवीन आकडा लिहा.